पहिली प्रत विकताना

भारतीय कायद्याच्या दृष्टीने संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि साहित्यकृतीच्या व्याख्येत संगणकीय प्रोग्रामचा समावेश करण्यात आला. कादंबरीकाराचा आपल्या कादंबरीवर जो हक्क, तोच खतावणीचा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा आपल्या प्रोग्रामवर. हे झाले कागदावर. कादंबरीची चोरटी आवृत्ती काढायची तर निदान छापखाना, कागद आणि बांधणी एवढा खटाटोप करावा लागतो. प्रोग्रामची चोरटी आवृत्ती काढायला त्या काळी सव्वापाच इंची कोरी फ्लॉपी आणि काही मिनिटांची सवड पुरत असे. शिवाय ही नक्कल मुळाहून रतिभरही कमी प्रतीची नसे. ध्वनिफितीची नक्कल करताना खरखर वाढते, छायाप्रतीची छायाप्रत काढली की अक्षरे पुसट होतात. अंकीय माहितीची हजारावी प्रत मात्र पहिल्या प्रतीइतकीच शुद्ध असते. ज्या गुणामुळे हे माध्यम शास्त्रज्ञांना प्रिय, त्याच गुणामुळे ते विक्रेत्याला घातक होते.

अशा परिस्थितीत भारतात एखाद्या स्वतंत्र लेखकाने, म्हणजे मोठ्या कंपनीचे पाठबळ नसलेल्या एकट्यादुकट्या माणसाने, आपला पहिला प्रोग्राम बाजारात आणला तरी कसा, हा प्रश्न विज्ञानेतिहासात फारसा विचारला जात नाही. भारतीय सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना आपण सहसा सेवा उद्योगाचा इतिहास सांगतो: १९६८ साली स्थापन झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून घेतलेला काढता पाय, १९८५ मध्ये बंगळुरूत आलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, १९९१ नंतरचे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क. ही कथा खरी आहे, पण ती परदेशी ग्राहकाने सांगितलेले काम तासाच्या हिशेबाने करून देण्याची कथा आहे. डिसेंबर १९८६ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या सॉफ्टवेअर धोरणाच्या शीर्षकातही ‘निर्यात’ हा शब्द आधी येतो. ‘विकास’ आणि ‘प्रशिक्षण’ त्यामागून. देशातल्या दुकानदाराला, कारखानदाराला, डॉक्टरला डबीत घालून विकायचा प्रोग्राम हा या चित्राच्या चौकटीबाहेरचा विषय होता.

त्याच १९८६ साली बंगळुरूमध्ये श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी प्युट्रॉनिक्स नावाची कंपनी काढली. श्यामसुंदर गोएंका यांचा व्यवसाय कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा होता. स्वतःच्या धंद्याचे हिशेब संगणकावर ठेवावेत म्हणून त्यांनी बाजारात चौकशी केली. मनासारखे काही मिळेना. तेव्हा गणिताचा पदवीधर असलेल्या मुलाला त्यांनी ते काम सांगितले. डॉसवर चालणारा जो प्रोग्राम यातून तयार झाला, त्याचे पहिले नाव होते ‘प्युट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट’. १९८८ मध्ये ते बदलून ‘टॅली’ झाले. हिशेब जुळला हे सांगायला भारतातला कारकून तोपर्यंत कित्येक दशके ‘टॅली झाला’ असेच म्हणत आला होता. प्रोग्रामच्या नामकरणाचा याहून योग्य निर्णय शोधून सापडणार नाही. पहिले नाव तसेच राहिले असते, तर त्याचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

पण नाव नंतरचे. त्याआधीचा आणि तांत्रिक दृष्ट्या अधिक रोचक निर्णय सांकेतिक क्रमांकांचा होता. त्या काळच्या हिशेबाच्या बहुतेक प्रोग्राममध्ये प्रत्येक खात्याला एक क्रमांक द्यावा लागे. रोख रकमेचे खाते एका क्रमांकाचे, बँकेचे दुसऱ्या, अमुक व्यापाऱ्याचे तिसऱ्या. आणि नोंद करणाऱ्याने हे क्रमांक पाठ करावेत किंवा भिंतीवर तक्ता टांगावा. याला संगणकाच्या बाजूने सबळ कारण होते. स्मृती तोकडी होती, तबकडीवरची जागा महाग होती. चार अंकी क्रमांक साठवायला आणि शोधायला जितका सोपा, तितके पंचवीस अक्षरी नाव सोपे नसते. आकडे एका क्रमाने लावून ठेवले की हवा तो आकडा झटपट हाती लागतो. माणसे मात्र नावे वेगवेगळ्या प्रकारे लिहितात, अर्धवट लिहितात, चुकीची लिहितात.

टॅलीने हा भार माणसाच्या खांद्यावरून काढून यंत्राच्या खांद्यावर टाकला. खात्याचे नाव टंकित करायला सुरुवात करावी आणि जुळणारी नावे समोर यावीत, अशी रचना करण्यात आली. व्यापारी वहीत ‘खाते क्रमांक ४०१७’ असे लिहीत नाही. तो ग्राहकाचे नाव लिहितो. मग यंत्रापुढे बसल्यावर त्याने वेगळे का वागावे? हा आग्रह धरायला संगणकशास्त्र यावे लागत नाही. उलट ते येत असते तर कदाचित हा आग्रह सुचलाच नसता. संगणकाच्या मर्यादा ठाऊक असलेला मुलगा आणि त्या मर्यादांशी काही देणेघेणे नसलेला बाप ही जोडी येथे कामी आली. स्वतंत्र प्रोग्रामरच्या बाबतीत पहिला ग्राहक कोण, याला मिळते तेवढे महत्त्व अपुरेच म्हणावे लागेल. पहिला ग्राहक आपल्यासारखाच प्रोग्रामर असेल, तर जे दोष दोघांनाही दिसत नाहीत ते बाजारात गेल्यावर तिसऱ्याला दिसतात.

टॅलीचा चेहराही या पहिल्या ग्राहकानेच घडवला असे मानायला जागा आहे. कळफलकावरून हात न उचलता सगळे काम व्हावे, हा त्याचा कटाक्ष विंडोजच्या काळातही टिकला. पाच क्रमांकाच्या फंक्शन कळीवर रक्कम चुकती केल्याची नोंद, सहावर आलेल्या रकमेची, सातवर जर्नल, आठवर विक्री, नऊवर खरेदी. वाणिज्य शाखेच्या कित्येक पिढ्यांची बोटे या कळींवर घडली आहेत. माउसने चालणारे देखणे पडदे आले तरी दिवसाला शेकडो पावत्या चढवणाऱ्या माणसाला वेग हवा होता, आणि तो बोटांच्या सवयीत होता.

चांगला प्रोग्राम झाला म्हणजे अर्धे काम झाले, असे प्रोग्रामरला वाटते. प्रत्यक्षात ते एकचतुर्थांशही नसावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतातल्या छोट्या व्यावसायिकाला ‘यंत्र विकत घेणे’ समजत होते. त्या यंत्रात घालायच्या अदृश्य वस्तूसाठी वेगळे पैसे का मोजायचे, हे समजत नव्हते. संगणक विकणारा दुकानदार ग्राहक खूश व्हावा म्हणून चार-सहा प्रोग्राम यंत्रात फुकट भरून देई. यात कुणाला चोरी वाटत नसे. नारळवाल्याने सोबत मूठभर कढीपत्ता द्यावा, तितकी ती सहज गोष्ट होती.

यावर तांत्रिक उपाय निघाला तो कुलपाचा. संगणकाच्या मागच्या बाजूला, जेथे प्रिंटरची तार जोडतात तेथे, आगपेटीएवढे एक उपकरण खोचायचे. त्याला डोंगल म्हणत. प्रोग्राम मधूनमधून त्या उपकरणाला एक संदेश पाठवी आणि ठरलेले उत्तर येते का ते पाही. उत्तर न आल्यास प्रोग्राम थांबे. फ्लॉपीवरची माहिती कितीही वेळा उतरवता येई, पण उपकरणातले विद्युतमंडल उतरवता येत नसे. अक्षय नकलणाऱ्या वस्तूला न नकलणाऱ्या वस्तूशी बांधून टाकण्याची ही युक्ती होती. टॅलीच्या काही आवृत्त्या अनेक वर्षे अशा कुलपासह मिळत. कानपूरच्या आयआयटीतील संशोधनातून आलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने बाजारात आणलेले जिस्ट कार्ड हेही एका अर्थी याच जातीचे. भारतीय लिप्या पडद्यावर दाखवण्याची विद्या त्यात एका छापील विद्युतमंडलात बसवलेली होती. कार्ड हाताला लागते, त्याचे वजन असते, ते यंत्रात बसवावे लागते; म्हणून त्याचे पैसे मागताना विक्रेत्याला ओशाळे वाटत नसे.

कुलपाचा जाच मात्र प्रामाणिक ग्राहकालाच अधिक. डोंगल हरवला, बिघडला, सैल बसला की पैसे भरणाऱ्याचे काम थांबायचे आणि कुलूप फोडलेली नक्कल वापरणाऱ्याचे बिनदिक्कत चालायचे.

याच सुमारास अमेरिकेत काही स्वतंत्र प्रोग्रामरांनी अगदी उलटी वाट धरली होती. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ हा प्रोग्राम मुक्तपणे वाटला. नक्कल करा, मित्राला द्या, उपयोगी वाटला तर टपालाने पैसे पाठवा, एवढीच विनंती. त्याच वर्षी जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’ अशाच रीतीने वाटला. मायक्रोसॉफ्टची नोकरी सोडलेल्या बॉब वॉलेस यांनी तर ‘पीसी-राइट’च्या नोंदणी केलेल्या ग्राहकालाच विक्रेता केले: त्याच्या प्रतीवरून दुसऱ्याने नक्कल घेऊन नोंदणी केली, तर पहिल्याला दलाली. नक्कल करणारा हा चोर नसून फुकटचा फिरता विक्रेता आहे, ही दृष्टी विलक्षण होती. भारतात या वाटेवर प्रारंभीच अडथळा होता. येथून डॉलरमध्ये पैसे पाठवणे परकीय चलनाच्या कायद्यामुळे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि देशांतर्गत असा विनंतीवजा व्यवहार रुजलेला नव्हता.

तिसरी वाट लाहोरमध्ये निघाली. ती कुणी अनुकरण करावी अशी नव्हती. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ तेथे संगणकाचे दुकान चालवीत आणि वैद्यकीय उपयोगाचा प्रोग्राम विकत. त्यांच्या सांगण्यानुसार, लोक आपला प्रोग्राम उतरवून घेतात याचा माग काढण्यासाठी त्यांनी १९८६ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो फ्लॉपीच्या आरंभविभागात जाऊन बसे आणि तेथून पुढच्या फ्लॉपीवर उडी मारी. त्यात त्यांनी दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवले होते. ‘लस’ हवी असल्यास संपर्क साधा, असेही. ‘ब्रेन’ या नावाने ओळखला जाणारा हा विषाणू आयबीएम पीसीवरचा पहिला विषाणू मानला जातो. तो अमेरिकेतल्या विद्यापीठांपर्यंत पोहोचला आणि दूरदेशीचे त्रस्त लोक लाहोरला फोन करू लागले. नक्कल रोखू पाहणाऱ्या छोट्या विक्रेत्याच्या हातून स्वतःची नक्कल स्वतः करणारी वस्तू जन्माला आली, हा इतिहासाचा वक्र विनोद आहे.

भारताने या क्षेत्रात आपलाही हातभार लावला. १९९० च्या जूनमध्ये येथे ‘जोशी’ नावाचा विषाणू सापडला. पाच जानेवारीला संगणक सुरू केला की तो सगळे काम अडवून धरी आणि वापरणाऱ्याकडून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित करून घेई; शुभेच्छा दिल्यावर मुकाट्याने वाट सोडी. त्यामागचा जोशी कोण, हे गूढच राहिले. १९९१ मध्ये आढळलेला ‘मायकेलअँजेलो’ इतका विनोदी नव्हता: सहा मार्चला तो तबकडीच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक माहिती लिहून टाकी आणि वर्षाचे काम क्षणात जाई.

पुण्यात कैलास काटकर यांचे दुरुस्तीचे दुकान होते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या या तरुणाने दहावीनंतर शिक्षण सोडून गणकयंत्रे दुरुस्त करण्याची विद्या आत्मसात केली होती. पुढे संगणकही दुरुस्तीला येऊ लागले. १९९३ मध्ये त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. धाकटे बंधू संजय काटकर मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक यंत्रांचा आजार तारेत किंवा चकतीत नसून विषाणूत असे. संजय यांनी एकेका विषाणूवर एकेक छोटी उपाययोजना लिहायला घेतली आणि तिचा उपयोग थेट दुकानात होऊ लागला.

येथे थोडे तंत्र समजून घेणे आवश्यक आहे. फ्लॉपीचा पहिला विभाग ५१२ बाइटांचा. संगणक सुरू होताना यंत्र प्रथम तोच वाचते आणि त्यात जे लिहिले असेल ते निमूटपणे पाळते. आरंभविभागातला विषाणू तेथे स्वतः ठाण मांडतो आणि मूळ विभाग उचलून दुसरीकडे दडवून ठेवतो, म्हणजे आपले काम उरकल्यावर त्याला यंत्राचा ताबा देता येतो. विषाणू नुसता पुसला तर यंत्र सुरूच होत नाही. मूळ विभाग कुठे दडवला आहे हे शोधून तो जागेवर परत बसवावा लागतो, आणि दडवण्याची जागा प्रत्येक विषाणूची वेगळी. म्हणजे हे काम शत्रूचा प्रोग्राम यंत्रभाषेत ओळीओळीने वाचून त्याची मनोरचना समजून घेण्याचे आहे. दुरुस्तीच्या टेबलाला प्रयोगशाळेचे महत्त्व आले ते यामुळे. जगभरच्या प्रसिद्ध विषाणूंबरोबरच इथल्या गल्लीबोळांत फिरणारे विषाणू त्या टेबलावर रोज येत. परदेशी कंपनीला ते नमुने मिळायला महिने लागत.

‘क्विक हील’ या नावाने हा प्रोग्राम १९९५ मध्ये बाजारात आला. किंमत ७०० रुपये. सुरुवातीचा काळ सुखाचा नव्हता. १९९९ च्या सुमारास तर गाशा गुंडाळण्याची वेळ आली होती. विकण्याची जी साखळी शेवटी उपयोगी पडली ती संगणक जोडून देणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानदारांची, म्हणजे जे कालपर्यंत प्रोग्राम फुकट भरून देत होते त्यांचीच. २००३ मध्ये पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला निघाली, २००७ मध्ये कंपनीने आपल्या प्रोग्रामचेच नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले.

टॅली आणि क्विक हील यांच्यात वरकरणी साम्य नाही. एक हिशेबनीस, दुसरा वैद्य. तरीही नकलेच्या बाजारात दोघे तगले, याला एक समान कारण दिसते. दोघांचाही विषय स्थिर राहत नाही. विषाणू रोज नवा येतो. गेल्या वर्षीची नक्कल यंत्रात असली तरी यंदाच्या रोगावर ती निरुपयोगी. करकायदाही तसाच. १ एप्रिल २००५ पासून राज्याराज्यांत मूल्यवर्धित कर लागू होऊ लागला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि प्रत्येक वेळी पावतीचे स्वरूप, कराचे दर, विवरणपत्राचे रकाने बदलले. नक्कल ही ज्या दिवशी काढली त्या दिवशी गोठते. मूळ पुढे सरकत राहते. त्या काळी चांगले शब्दलेखक किंवा खेळ लिहिणारेही भारतात होते, पण पत्र लिहिण्याची रीत दरवर्षी बदलत नाही. तेथे एकदा काढलेली नक्कल दहा वर्षे पुरत असे, आणि लेखकाला दुसऱ्यांदा पैसे मागायला कारणच मिळत नसे. गुणवत्तेत ते प्रोग्राम कमी होते असे म्हणण्याचे कारण नाही.

कायद्यानेही दात दाखवून पाहिले. १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ पासून अमलात आली. प्रोग्रामची बेकायदा प्रत संगणकावर जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे तुरुंगवास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड, अशी तरतूद तिने केली. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत या कलमाचा धाक बसला. गल्लीतल्या कार्यालयात तो कितपत पोहोचला, हे ज्याने अशी कार्यालये पाहिली आहेत त्याला सांगायला नको.

टॅलीने कायद्यापेक्षा चतुर तोडगा पुढच्या आवृत्त्यांत काढला, तो वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना चांगला परिचित आहे. परवाना न घेताही प्रोग्राम शैक्षणिक रूपात चालतो. सगळे पडदे, सगळे अहवाल खुले असतात. फक्त नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच करता येतात. शिकायला तीन तारखा भरपूर झाल्या. धंदा चालवायला त्या पुरत नाहीत. फ्लुगेलमन यांनी जे काम विनंतीवर सोडले होते, ते येथे दिनदर्शिकेवर सोपवले गेले. त्यातून तयार झालेला विद्यार्थी नोकरीच्या पहिल्या दिवशी मालकाला सांगतो की मला टॅली येते, आणि परवान्याचे पैसे मालक भरतो. गावोगावच्या संगणक वर्गांच्या फलकांवर या प्रोग्रामचे नाव दिसते त्यामागे हे गणित आहे.

भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, ती व्यापार आणि उद्योग या विभागात.

आज पहिला प्रोग्राम विकू पाहणाऱ्यासमोर फ्लॉपी, डोंगल आणि दुकानदार यांतले काहीच नाही. मोबाइलच्या ॲप दुकानातून त्याची प्रत एका दिवसात देशभर पोहोचू शकते, आणि चोरटी नक्कल ही त्याची मुख्य चिंता राहिलेली नाही. मधला दुकानदार मात्र गेलेला नाही. तो एकवटून फार मोठा झाला आहे. गूगलने २०२१ मध्ये वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवरची आपली दलाली ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरवरील पैसे भरण्याच्या सक्तीबद्दल तिला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावरील अपिलात मार्च २०२५ मध्ये दंडाची रक्कम सुमारे २१६ कोटींवर आली.